वर्गणीचा रतीब: विदर्भातल्या गावात बसून ऑनलाइन कमाई कशी उभी करायची

आमच्या घरी दुभतं नव्हतं त्या दिवसांत गवळ्याच्या रतीबाचा, म्हणजे रोजच्या ठरलेल्या दुधाचा, हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा. दूध आलं की तारखेखाली एक रेघ, पाहुणे आले म्हणून जास्त घेतलं की दोन, आणि आलंच नाही की फुली. त्या फुलीला खाडा म्हणायचे. महिना संपला की आई बोटानं खाडे मोजायची, तेवढे पैसे वजा करायची आणि बाकीचे गवळ्याच्या हातावर ठेवायची. भाव एकदाच ठरलेला असायचा, त्यामुळे दर महिन्याला घासाघीस नसायची.

वरुड भागात संत्र्याची बाग सांभाळत मी व्हिडिओ करायला लागलो आणि पुढे लोकांकडून त्याची वर्गणी घ्यायला लागलो. सुरुवातीची दोन वर्षं मी हा धंदा दुकानासारखा चालवला आणि मार खाल्ला. तो रतीबासारखा चालवायचा असतो हे उशिरा कळलं. तुम्ही वऱ्हाडीत गोष्टी सांगत असाल, खंजिरीवर भजन करत असाल, झाडीपट्टीच्या नाटकात काम करत असाल, शिवणकाम किंवा पोलीस भरतीचं गणित शिकवत असाल, तर तुम्हाला ही दोन वर्षं वाया घालवावी लागू नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी आलेले फोन मोजा

पहिलं काम वहीचं. महिनाभर रोज लिहा, आज मला कोणी आणि कशासाठी फोन केला, कोणी मेसेज टाकला. लाइक आणि व्ह्यू या वहीत नकोत. माझ्या वहीत ऑगस्ट-सप्टेंबरची पानं एकाच प्रश्नानं भरली होती: आंबिया बहाराची (दिवाळीच्या आसपास तोडीला येणाऱ्या संत्र्याची) फळं गळताहेत, काय करू? डिसेंबर-जानेवारीत दुसरा प्रश्न: बागेचा ताण (फुलं यावीत म्हणून बंद ठेवलेलं पाणी) कधी तोडू, पहिलं पाणी किती देऊ? माझ्या चॅनेलवर सगळ्यात जास्त पाहिलेला व्हिडिओ मात्र बागेत निघालेल्या नागाचा होता. लाखभर लोकांनी पाहिला आणि त्याबद्दल एकही फोन आला नाही. नागाचा व्हिडिओ जाहिरातीच्या कामाचा. वर्गणी लोकांनी फळगळीसाठी दिली.

म्हणून स्वतःला हा एकच प्रश्न विचारा: पुढच्या आठवड्यात माझं काम आलं नाही, तर कोणी फोन करून विचारेल का? असे तीस-चाळीस लोक असतील तर वर्गणी सुरू करण्याइतकं बळ तुमच्याकडे आहे. पन्नास हजार सबस्क्रायबर असून असा एकही माणूस नसेल, तर अजून वेळ आहे.

गिऱ्हाईक गावातच असेल असंही नाही. झाडीपट्टीचंच घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो, वडसा हे त्याचं केंद्र, आणि मंडईच्या (तिकडच्या जत्रेच्या) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं रात्र रात्र प्रयोग चालतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव सगळीकडे झालं. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेला भंडाऱ्याचा पोरगा त्या हंगामात गावी येऊ शकत नाही. त्याला अख्खं नाटक पाठवायची गरज नाही. तालीम कशी चालते, रंगपेटी उघडल्यावर तोंडाला रंग कसा चढतो, गाडीत सामान कसं लादतात, प्रयोगानंतर पहाटे कलावंत काय बोलतात, हे दर आठवड्याला पंधरा मिनिटं मिळालं तर तो पैसे देईल असं मला मनापासून वाटतं. नाटक फुकटात सगळीकडे पसरतं. त्याच्या मागचं जग दाखवणारे फार कमी आहेत.

हातात किती पडतात

यूट्यूबच्या मेंबरशिपचा, म्हणजे चॅनेलला दर महिन्याला द्यायच्या वर्गणीचा, हिशेब मांडू. समजा तुम्ही महिना ५९ रुपये ठेवले. दिसणाऱ्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो, तो काढला की ५० उरतात. त्यातले ७० टक्के तुमचे, म्हणजे ३५ रुपये. बघणाऱ्यानं आयफोनच्या ॲपमधून मेंबरशिप घेतली तर ॲप स्टोअरची फी मध्ये येते आणि आकडा आणखी बदलतो. शंभर मेंबर झाले तर महिन्याला साडेतीन हजार.

तेच ५९ रुपये रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेतून आले तर साधारण दोन टक्के फी आणि त्या फीवर जीएसटी कापून साडेसत्तावन्न हातात पडतात. दर महिन्याला आपोआप वसुलीची सोय घेतली तर थोडी वेगळी फी लागते, ती आधी विचारून घ्या. आणि तुमच्या क्यूआर कोडवर थेट यूपीआयनं आले तर पूर्ण ५९. दुकानदाराकडून यूपीआय व्यवहारावर शुल्क घ्यायचं नाही, हे जानेवारी २०२० पासून लागू आहे.

हा फरक बघून लगेच यूट्यूबला नावं ठेवू नका. कोणाचे पैसे आले, कोणाचे थांबले, कोणाला आत घ्यायचं, कोणाला काढायचं, ही कटकट ते सांभाळतात. क्यूआर कोडवर हे सगळं तुम्हाला रात्री वही घेऊन करावं लागतं. चाळीस लोकांपर्यंत ते जमतं, दीडशे झाले की वहीत चुका व्हायला लागतात. पैसे भरलेला माणूस चुकून ग्रुपमधून काढला गेला की तो दुखावतो, हे मी दोनदा अनुभवलं.

वर्गणी कुठून घ्यायची

माझा सल्ला: पहिला हंगाम व्हॉट्सॲप आणि क्यूआर कोडवर काढा. दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कळेल की हे काम दर आठवड्याला तुमच्या हातून होतं की नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, हे मात्र लक्षात असू द्या. बायका-मुलींसाठी शिवण, स्वयंपाक, आरोग्य असा विषय असेल तर ग्रुप करूच नका. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज जातो. म्हणून पैसे आल्यावर पहिलं सांगायचं ते नंबर सेव्ह करायला. त्यासाठी वेगळं सिम घ्या. घरचा नंबर शेकडो अनोळखी लोकांकडे गेला की रात्री-बेरात्री येणाऱ्या फोनचा त्रास सगळ्या घराला होतो, आणि बाईमाणसाला तो जास्त होतो.

व्हिडिओ हाच तुमचा मुख्य माल असेल तर पुढची पायरी यूट्यूब. मेंबरशिप सुरू करायला आता ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ, आणि वर्षभरात ३,००० तास पाहणं किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर ३० लाख व्ह्यू, एवढं लागतं. जाहिरातीचा वाटा हवा असेल तर अट जास्त आहे: १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास, किंवा शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यू. म्हणजे वर्गणीचं दार जाहिरातीच्या आधी उघडतं. बरेच जण हे न बघता हजाराची वाट पाहत बसतात.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांना प्रतिलिपी या वाचनाच्या ॲपवर मराठी वाचक तयार मिळतो, तिथंच लिहून सुरुवात करणं सोपं. ईमेलनं वाचकांना पत्र पाठवायचं सबस्टॅक दिसायला सुंदर आहे, पण त्याची वर्गणी स्ट्राइप या कंपनीमार्फतच जमा होते आणि स्ट्राइपनं २०२४ पासून भारतात नवे खातेदार फक्त निमंत्रणावर घ्यायचं धोरण ठेवलं आहे. फुकटचं पत्र पाठवायला वापरा, वर्गणीचा भरवसा त्यावर ठेवू नका. पेट्रिऑन ही कलावंतांसाठी वर्गणी गोळा करणारी, २०१३ मध्ये सुरू झालेली अमेरिकी कंपनी. ऑगस्ट २०२५ नंतर आलेल्या नव्या क्रिएटरकडून ती १० टक्के घेते, वर पैसे वळवण्याची फी वेगळी. तुमचा वर्गणीदार न्यू जर्सीत किंवा दुबईत असेल तर ती चांगली. इथल्या माणसाचं कार्ड तिथं दर महिन्याला चालेलच असं नाही.

त्याचं कारण समजून घ्या, कारण ते तुमच्या प्रत्येक वर्गणीदाराला लागू आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर ग्राहकानं आधी मंजुरी दिली पाहिजे आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना गेली पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. यूपीआयवरून आपोआप पैसे कापायची सोय, म्हणजे यूपीआय ऑटोपे, जुलै २०२० मध्ये आली, तीही याच धर्तीवर चालते. आता गावात काय होतं? बँकेचा मेसेज येतो, "उद्या तुमच्या खात्यातून ५९ रुपये वजा होतील." काकांना वाटतं फ्रॉड आहे. ते घाबरून पोराला सांगतात, पोरगा मंजुरीच रद्द करून टाकतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: "दर महिन्याच्या अमुक तारखेला असा मेसेज येईल, तो आपलाच आहे." आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी तुमचं त्या महिन्यातलं सगळ्यात चांगलं काम पाठवा. मी हे करायला लागलो तेव्हापासून रद्द होणाऱ्या मंजुऱ्या निम्म्यावर आल्या.

एक चूक मनावर घेऊन सांगतो. दुसऱ्या वर्षी एका कंपनीनं मला "तुमचं स्वतःचं ॲप" बनवून दिलं. वर्षाचे पैसे आधी घेतले. माझ्या नावाचं ॲप, माझा फोटो, मी हरखून गेलो. वर्ष संपल्यावर नूतनीकरणाचा आकडा दुप्पट झाला. मी नको म्हटलं आणि ॲप बंद झालं. वर्गणीदारांचे नंबर त्यांच्याकडे होते, माझ्याकडे नव्हते. नव्वद माणसं एका रात्रीत गेली. त्यातली चाळीसेक मी गावोगाव विचारत परत गोळा केली. तेव्हापासून माझा नियम आहे: प्लॅटफॉर्म कोणताही असो, नाव, गाव, फोन नंबर आणि वर्गणी कधी संपते, ही यादी माझ्याकडे वेगळी असते, दर रविवारी अद्ययावत केलेली. हे नंबर लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात, म्हणून ते बियाणं-औषधवाल्या कोणाला द्यायचे नाहीत, कितीही पैसे देऊ केले तरी.

कागदपत्रं, आणि ते पांढरं पत्र

पॅनकार्ड, आधार आणि बँक पासबुक तिन्ही समोर ठेवा आणि नावाचं एक-एक अक्षर जुळवा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गाळलेलं, तिसऱ्यावर स्पेलिंगच वेगळं असतं. पैसे यायची वेळ झाल्यावर हे उघडं पडलं तर महिने जातात. आधी दुरुस्त करा.

यूट्यूबचे पैसे ॲडसेन्स या गूगलच्याच सेवेमार्फत येतात. खात्यात १० डॉलर झाले की गूगल तुमच्या पत्त्यावर टपालानं एक पिन पाठवतं आणि तो चार महिन्यांच्या आत टाकावा लागतो. मी पत्त्यात शेताचं नाव लिहिलं होतं, कारण दिवसभर मी तिथंच असतो. पत्र दोनदा आलंच नाही. तिसऱ्यांदा मु. पो., तालुका, जिल्हा, ग्रामपंचायतीजवळ, असं सरळ लिहिलं आणि पोस्टमनकाकांना सांगून ठेवलं की परदेशातून एक साधंसं पत्र येणार आहे, जाहिरातीचं समजू नका. ते खरंच जाहिरातीसारखं दिसतं: पातळ पांढरा घडीचा कागद, कडेला फाडायच्या टिंबांची रेघ. कडा फाडल्या की आत सहा आकडे.

त्याच वेळी अमेरिकेचा कराचा फॉर्म भरा, त्याचं नाव डब्ल्यू-८बेन. तो ॲडसेन्समध्येच ऑनलाइन भरायचा, परदेशी कर क्रमांकाच्या जागी आपला पॅन टाकायचा. भरला तर भारत-अमेरिका करारामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. भरलाच नाही तर जगभरातल्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. वरुड-काटोलच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या वर्गणीवर अमेरिकेचा कर भरायची वेळ केवळ आळसानं येऊ देऊ नका.

पैसे १०० डॉलर जमले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा क्रमांक, लागतो. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या खात्यावर हे सहसा जमत नाही, राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खातं हवं. तालुक्याच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो; परकीय चलनाचं काम पाहणाऱ्या नागपूर किंवा अमरावतीच्या शाखेचा कोड मागून घ्या आणि आयएफएससी आपल्याच शाखेचा ठेवा. पहिल्यांदा पैसे आले की बँकेतून फोन येऊ शकतो, हे पैसे कशाचे? सरळ सांगा आणि ॲडसेन्सची पावती दाखवा. काउंटरवरच्या माणसाला हे नवीन असेल तर शाखा व्यवस्थापकांना भेटा.

पीक निघेल तशी वर्गणी

वर्गणीवरची सगळी माहिती "दर महिना" धरून लिहिलेली असते, आणि ती शहरातल्या पगारदाराला बरोबर आहे. आपल्या माणसाच्या हातात पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापूस त्यानंतर वेचणीप्रमाणे, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, आंबिया संत्रा दिवाळीच्या आगेमागे, संत्र्याचा दुसरा, मृग बहार फेब्रुवारीनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये खात्यात काहीच नसतं, सगळं खत-बियाण्यात गेलेलं असतं. ऑटोपे नेमकं तेव्हा नापास होतं, आणि माणसाला आपण पैसे बुडवले असं वाटून तो लाजेनं ग्रुप सोडतो.

म्हणून शेतकरी वर्गणीदारासाठी हंगामाची वर्गणी ठेवा. मी सहा महिन्यांचे ४५० रुपये घेतो आणि ते आंबियाची तोड झाल्यावर, व्यापाऱ्याकडून पैसे आल्यावर मागतो. ज्याचे पैसे तेव्हा यायचे असतात त्याच्यासाठी थांबतो. दर महिन्याची वर्गणी नोकरदारांसाठी, पुण्या-नागपुरात राहणाऱ्यांसाठी ठेवा. विद्यार्थ्यांना शिकवत असाल तर परीक्षेपर्यंतची एकरकमी फी. वर्गणीचे तीन-चार वेगवेगळे दर ठेवायचा मोह टाळा. चांदी, सोनं, हिरा असे दर्जे केले की कोणाला काय कबूल केलं हे आपल्यालाच आठवत नाही. एकच दर, आणि त्या दरात काय मिळणार ते एका वाक्यात.

मागायचं कसं

हेच सगळ्यात जड जातं. पहिल्यांदा मी मेसेज टाकला त्या दिवशी संध्याकाळी टपरीवर शेजारचे काका भेटले. चहा घेता घेता म्हणाले, "काहून गा भाऊ, आतालोक तं फुकटच सांगत होता ना?"

मी म्हटलं, "काका, ते अजूनही फुकटच सांगतो. फोन करा, कधीही करा. पण दर मंगळवारी सकाळी मी तीन बागा फिरून येतो, मंग रेकॉर्ड करतो, त्याचं पेट्रोल अन् दिवस माझा जातो. त्याचे पैसे मागतो."

काका काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी त्यांच्या पोरानं पैसे पाठवले. पहिल्या हंगामात असे २३ जण झाले.

यातून मला कळलं ते असं. जे आजवर फुकट दिलं ते फुकटच राहू द्या, आधीचं काढून घेऊन कुलपात टाकलं की लोक दुखावतात. पैसे नव्या आणि नियमित कामाचे मागा. आणि खर्च उघडपणे सांगा. शेतकऱ्याला मेहनतीचा हिशेब समजतो. माझा मेसेज साधारण असा असतो:

"नमस्कार. चॅनेलवरचे व्हिडिओ आजवर मिळाले तसेच सगळ्यांना मिळत राहतील. ज्यांना दर मंगळवारी आपल्या भागातल्या बागा पाहून केलेला पाच मिनिटांचा ऑडिओ हवा आहे आणि शुक्रवारी रात्री आठ ते नऊ प्रश्न विचारायचे आहेत, त्यांच्यासाठी सहा महिन्यांची वर्गणी ४५० रुपये आहे. पहिल्या महिन्यात उपयोग वाटला नाही तर सांगा, सगळे पैसे परत करीन."

आजवर चौघांनी पैसे परत मागितले. त्याच दिवशी दिले, कारण विचारलं, वाद घातला नाही. त्यातले दोघे पुढच्या हंगामात परत आले.

काय द्यायचं आणि किती

जेवढं आजारी पडूनही देता येईल तेवढंच कबूल करा. आठवड्याला एक. उत्साहात रोजचं कबूल केलं तर पेरणी, लग्नसराई, घरातलं दुखणं, यातलं काहीही आलं की रतीब तुटतो.

ऑडिओला कमी लेखू नका. दहा मिनिटांचा चांगला व्हिडिओ शंभर एमबीच्या पुढे जातो. पाच मिनिटांचा आवाज ६४ केबीपीएसवर ठेवला तर अडीच एमबीच्या आत बसतो. मेळघाटात धारणीच्या पलीकडे किंवा भामरागडच्या रस्त्याला रेंज येते-जाते, आणि लाइट गेली की बऱ्याच गावांत टॉवरही थोड्या वेळानं झोपतो. तिथला माणूस अडीच एमबी कसंबसं उतरवून घेतो आणि ओलित करताना, फवारा भरताना ऐकतो. मी स्वतः रेकॉर्डिंग पहाटे करतो, विहिरीवरच्या मोटारी सुरू व्हायच्या आत. घोंगडी अंगावरून घेऊन त्यात बोललं की आवाज घुमत नाही. एक साधा कॉलर माइक पुरतो. मोठा कॅमेरा पहिल्या वर्षी घेऊ नका.

बोली सोडू नका. मी सुरुवातीला पुस्तकी बोलायचो, कोणी ऐकत नव्हतं. "मले वाटते" म्हणायला लागलो तसे लोक थांबून ऐकायला लागले.

जबाबदारी

पैसे घेतले की तुमच्या शब्दाचं वजन वाढतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात भरती झाले. औषधांचं मिश्रण, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी (कपाशी), तोंडावर काही न बांधता केलेली फवारणी, अशी कारणं तेव्हा पुढे आली. शेतीवर बोलणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. मी लेबलवर त्या पिकासाठी नोंद नसलेलं औषध सांगत नाही, दोन औषधं एकत्र करायला सांगत नाही, आणि शिफारस अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची आहे का ते पाहूनच बोलतो. एखादी कंपनी पैसे देऊन औषधाची तारीफ करायला सांगत असेल तर वर्गणीदारांना ते उघड सांगा. मी ते काम घेतच नाही. दोन्हीकडून पैसे घेऊन खरं बोलता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. आरोग्यावर बोलणाऱ्यांनी डॉक्टरची जागा घेऊ नये, शेअर बाजारावर सेबी या बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या नोंदणीशिवाय पैसे घेऊन सल्ला देऊ नये.

कलावंतांनी हक्काचं पाहावं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणावर स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे १९६८ साली गेलेल्या तुकडोजी महाराजांच्या रचना या हिशेबानं २०२८ अखेरपर्यंत हक्काखाली येतात. भक्तीनं गाणं वेगळं, वर्गणीमागे विकणं वेगळं, तिथं परवानगी विचारावी. नाटकाचं चित्रण करायचं तर नाटककार, मंडळाचा मालक आणि काम करणारे, सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि वाटा आधी ठरवा. चार ओळींचा कागद पुरतो.

आणि खातं जपा. गूगल आणि व्हॉट्सॲप दोन्हीला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे दुसरं कुलूप, लावा. "तुमच्या चॅनेलवर तक्रार आली आहे, ही फाइल उघडा" अशा मेलनं चॅनेल चोरीला जातात. पैसे घ्यायला कधीच यूपीआय पिन लागत नाही, हे वर्गणीदारांनाही सांगा, कारण तुमच्या नावानं दुसराच कोणी क्यूआर फिरवू शकतो. फसवणूक झालीच तर तासाभराच्या आत १९३० वर फोन करा.

कर

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून वर्गणीवरही नाही, असा समज गावात पक्का आहे. तो चुकीचा आहे. बागेबद्दल बोलून मिळालेले पैसे बागेचे नसतात. वर्गणीसाठी वेगळं बँक खातं ठेवा, त्यातून घरखर्च करू नका, माइक, रिचार्ज, पेट्रोल यांच्या पावत्या जपा. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर लागत नाही, पण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं तर विवरणपत्र भरावं लागतं. विवरणपत्रात सोशल मीडियावर काम करणाऱ्यांसाठी आता १६०२१ हा वेगळा कोडही आहे. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर. तालुक्याच्या कर सल्लागाराकडे मार्चमध्ये गर्दीत जाण्यापेक्षा दिवाळीनंतर निवांत जा. तो नीट समजावून सांगतो.

खाडे

मागच्या वर्षी वडील दवाखान्यात होते तेव्हा माझे तीन मंगळवार चुकले. पहिल्याच चुकलेल्या दिवशी मी मेसेज टाकला, कारण सांगितलं, आणि लिहिलं की हे खाडे आहेत, तेवढे आठवडे तुमची वर्गणी पुढे सरकेल. कोणीही गेलं नाही. उलट तिघांनी डबा पाठवला.

हंगाम संपायच्या तीन आठवडे आधी यादी काढा. ज्यांची मुदत संपते आहे त्यांना एकेकट्याला निरोप पाठवा, सगळ्यांना एकच मेसेज ढकलू नका. निरोपात त्याच्या बागेचं, त्याच्या पोराच्या परीक्षेचं, जे असेल त्याचं नाव असावं. जो थांबतो म्हणतो त्याला एकच विचारा, काय कमी पडलं? उत्तर वहीत लिहा. आणि दार अजून थोडं उघडं ठेवा: वर्गणी संपली तरी पुढचे दोन ऑडिओ त्याला जाऊ द्या. माझ्या यादीत अशांच्या नावापुढे मी छोटी रेघ मारतो, आणि आंबियाची तोड संपली की त्यांना पुन्हा एकदा फोन करतो.